विलेम कारेल डिके

विलेम कारेल डिके (११ फेब्रुवारी, इ.स. १९०५ – २७ एप्रिल, इ.स. १९६२) हे नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ होते. सीलिॲक या आतड्याच्या रोगात गहू व राय ही धान्ये अपायकारक ठरतात, हे त्यांनी दीर्घ निरीक्षणाने सिद्ध केले आणि त्यावरून ग्लूटेनमुक्त आहाराची उपचारपद्धती उभी केली. या रोगावर आजही तोच मुख्य उपचार आहे. हेग येथील जुलियाना बालरुग्णालयाचे आणि पुढे उट्रेख्त येथील विल्हेल्मिना बालरुग्णालयाचे ते वैद्यकीय संचालक होते. उट्रेख्त विद्यापीठात ते बालरोगशास्त्राचे प्राध्यापकही होते.

डिके यांचा शोध दुसऱ्या महायुद्धातील दुष्काळाने त्यांच्या पदरात टाकला, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ती अर्धीच खरी आहे. दुष्काळ पडण्यापूर्वी किमान आठ वर्षे ते या प्रश्नाच्या मागे होते आणि त्यावरील त्यांचा पहिला लेखही दुष्काळाच्या तीन वर्षे आधी छापून आलेला होता.

जन्म व शिक्षण

डिके यांचा जन्म नेदरलँड्सच्या दक्षिण भागातील डॉर्ड्रेख्त या नदीकाठच्या शहरात झाला. इ.स. १९२२ ते १९२९ या काळात त्यांनी लायडन येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले. त्यानंतर इ.स. १९३३ पर्यंत हेगच्या जुलियाना बालरुग्णालयात राहून त्यांनी बालरोगशास्त्राचे विशेष प्रशिक्षण पूर्ण केले. इ.स. १९३६ मध्ये, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, त्याच रुग्णालयाच्या वैद्यकीय संचालकपदी त्यांची नेमणूक झाली. एवढ्या तरुण वयात मिळालेल्या या पदाचा त्यांना एक मोठा लाभ झाला. रुग्णालयात कोणत्या मुलाला काय खायला द्यायचे, किती दिवस द्यायचे आणि त्याची नोंद कशी ठेवायची, हे आता त्यांच्या हाती होते. पुढील सर्व काम याच सोयीवर उभे राहिले.

डिके यांच्यापूर्वीचा सीलिॲक रोग

या रोगाचे वर्णन फार जुने आहे. कॅपाडोशिया प्रांतातील ग्रीक वैद्य अरेटियस याने सुमारे १८०० वर्षांपूर्वी अशा रुग्णांची लक्षणे लिहून ठेवली आणि पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांना नाव दिले. तेच नाव पुढे सीलिॲक या रूपात टिकले. आधुनिक वैद्यकात त्याची स्पष्ट मांडणी लंडनच्या सॅम्युअल जी या डॉक्टरांनी केली. इ.स. १८८७ मध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयात त्यांनी या विषयावर व्याख्यान दिले आणि पुढील वर्षी ते प्रसिद्ध झाले. अमेरिकेत ख्रिश्चन हर्टर यांनी इ.स. १९०८ मध्ये यावर पुस्तक लिहिले. त्यामुळे डिके यांच्या काळात युरोपातील डॉक्टर या रोगाला जी-हर्टर लक्षणसमूह असेही म्हणत.

रोगाचे चित्र ठरलेले असे. वर्ष-दीड वर्षाचे, तोवर बरे वाढणारे मूल हळूहळू खाणे टाकी. फिकट, पुष्कळ, दुर्गंधीयुक्त आणि तेलकट शौचाला होऊ लागे. पोट नगाऱ्यासारखे फुगे आणि हातपाय काटक्या होत. नितंबांवरचे मांस झडून कातडीच्या घड्या लोंबत. मूल चिडचिडे, रडवे होई आणि त्याची उंची खुंटे. काही मुले महिनोन्महिने रुग्णालयात राहून थोडी सुधारत आणि घरी गेली की पुन्हा खालावत. अनेक मुले दगावत.

रोग आहाराशी जोडलेला आहे आणि तो बरा झालाच तर आहारानेच होईल, हे जी यांनी बरोबर ओळखले होते. पण कोणत्या आहाराने, याचे उत्तर त्यांना सापडले नाही. त्यांचा संशय पिष्टमय पदार्थांवर होता, म्हणून त्यांनी भात, साबुदाणा आणि मक्याचे पीठ वर्ज्य सांगितले. पाव मात्र पातळ कापून दोन्ही बाजूंनी भाजून देण्यास त्यांची हरकत नव्हती. आज मागे वळून पाहता हा उपचार उलटाच होता, कारण जे निर्धोक होते ते बंद झाले आणि जे विष होते ते भाजून ताटात राहिले. जी यांनी एका मुलाची हकीकतही नोंदवली आहे. त्याला रोज हॉलंडचे शिंपले खायला घातले आणि हंगाम असेपर्यंत ते उत्तम सुधारले. हंगाम संपताच ते पुन्हा आजारी पडले आणि पुढच्या वर्षी त्याने शिंपल्यांना तोंड लावले नाही. त्या शिंपल्यांत काही औषधी गुण असावा, असे वाचणाऱ्यांना वाटत राहिले. शिंपले पोटभर खाल्ल्यावर मूल पाव किती खात असेल, हा प्रश्न कोणाला पडलेला दिसत नाही.

पुढील अर्धशतकातले उपचारही याच वाटेने गेले. न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी इ.स. १९२४ मध्ये केळ्यांचा आहार प्रसिद्ध केला आणि तो फार गाजला. त्यांची मुले खरोखरच सुधारत. हास यांच्या पथ्यात पाव, बिस्किटे, बटाटे व सर्व धान्ये वर्ज्य होती. पण श्रेय मिळाले ते केळ्याला. स्वित्झर्लंडमध्ये ग्विदो फँकोनी यांनी फळे व भाज्यांचा आहार रूढ केला. या सर्व पद्धतींत मुलाला काय द्यावे याचा विचार होता. त्यांचा गुण कोणत्या पदार्थाच्या अभावामुळे येतो, याचा शोध कोणी घेतला नाही. गहू हे युरोपाचे रोजचे अन्न होते. आपल्याकडे पोळीविषयी कोणाच्या मनात संशय येत नाही, तसा तिथे पावाविषयी येत नसे.

हेगमधील निरीक्षणे

डिके यांचे लक्ष पावाकडे कसे वळले, याविषयी त्यांच्या चरित्रलेखांत एक हकीकत येते. जुलियाना रुग्णालयात सीलिॲकने आजारी असलेल्या एका मुलाच्या तरुण आईने असे सांगितले, की आहारातून पाव काढला की मुलाच्या अंगावरचे पुरळ झपाट्याने कमी होते. हा प्रसंग इ.स. १९३२ च्या सुमाराचा, म्हणजे डिके तिथे शिकाऊ डॉक्टर असतानाचा मानला जातो. आईच्या बोलण्याकडे डॉक्टरांनी दुर्लक्ष करावे, असा तो काळ होता. डिके यांनी ते मनात ठेवले आणि संचालकपद मिळाल्यावर त्याचा पडताळा घेण्यास सुरुवात केली.

इ.स. १९३६ पासून त्यांनी काही मुलांना दीर्घकाळ गहूविरहित आहारावर ठेवले. पद्धत साधी होती, पण तिला अपार चिकाटी लागे. मुलाचे वजन आणि उंची ठरावीक अंतराने मोजून आलेख काढायचा. त्याची भूक, शौच आणि मनःस्थिती यांच्या नोंदी ठेवायच्या. गहू बंद केल्यावर आलेख वर चढतो का ते पाहायचे. काही काळाने गहू पुन्हा सुरू करायचा आणि आलेख खाली येतो का ते पाहायचे. नंतर पुन्हा बंद करायचा. गहू पुन्हा दिल्यावर त्रास लगेच दिसत नसे. दिवसांनी, कधी आठवड्यांनी आधी भूक मंदावे, मग शौच बिघडे आणि त्यानंतर वजनाची रेघ खाली वळे. कारण आणि परिणाम यांच्यामधल्या या अंतरामुळेच इतकी वर्षे इतक्या हुशार डॉक्टरांची नजर चुकली होती. डिके यांचे आलेख काही मुलांच्या बाबतीत अनेक वर्षांचे आहेत.

इ.स. १९४१ मध्ये डच भाषेतील प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा एक अगदी छोटा लेख आला. जी-हर्टर लक्षणसमूहासाठी साधा आहार, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. जर्मन सैन्याने मे १९४० मध्ये देश व्यापला होता आणि अन्नधान्याचे रेशनिंग चालू होते. केळी आणि परदेशी फळे मिळेनाशी झाली होती, त्यामुळे हास व फँकोनी यांचे आहार देणे अशक्य झाले होते. त्यांच्या जागी डिके यांनी युद्धकाळातही जमेल असा आहार सुचवला. त्यात पाव व रस्क पूर्ण वर्ज्य होते. दिवसातून दोनदा गरम जेवण आणि तिसऱ्या वेळेला गव्हाचे पीठ न घातलेली, गोड किंवा आंबट पेज एवढेच त्याचे स्वरूप होते. महागडे किंवा दुर्मिळ असे त्यात काहीच नव्हते. लेख डच भाषेत होता आणि जग युद्धात गुंतले होते, त्यामुळे तो देशाबाहेर फारसा कोणी वाचला नाही.

भुकेचा हिवाळा

सप्टेंबर १९४४ मध्ये मित्रराष्ट्रांच्या मदतीसाठी डच रेल्वे कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. त्याचा सूड म्हणून जर्मनांनी देशाच्या पश्चिम भागाकडे जाणारी अन्नवाहतूक रोखली. त्यातच कडाक्याची थंडी पडून कालवे गोठले. त्या हिवाळ्यात हेग, ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम या शहरांत माणसे उपाशी राहिली. शर्कराकंद आणि ट्यूलिपचे कंद शिजवून खाण्याची वेळ आली. मृतांची संख्या २०,००० च्या वर गेली. डच लोक त्या काळाला भुकेचा हिवाळा म्हणतात.

पाव जवळजवळ दिसेनासा झालेल्या या महिन्यांत सीलिॲकची मुले खालावली नाहीत. आजूबाजूची निरोगी मुले वाळत असताना ही मुले तुलनेने बरी राहिली. इ.स. १९४५ च्या प्रारंभी स्वीडनहून जहाजाने पीठ आले आणि त्याचा पांढरा पाव लोकांना वाटण्यात आला. एप्रिलच्या अखेरीपासून मित्रराष्ट्रांच्या विमानांनी अन्नाची पोती टाकली. ५ मे रोजी देश मुक्त झाला. पाव परत आला आणि त्याबरोबर या मुलांची दुखणीही परतली. उपाशी देशाला जीवदान देणारा पावच या मुलांना पुन्हा आजारी पाडत होता.

ही हकीकत इतकी नाट्यमय आहे, की पुढे तीच डिके यांच्या शोधाची कथा होऊन बसली. काही लेखांत तर दुष्काळापूर्वीच्या कामाचा उल्लेखही आढळत नाही. वास्तविक दुष्काळात एकटा गहू कमी झाला नव्हता. दूध, लोणी, साखर, मांस अशा सर्वच गोष्टी कमी झाल्या होत्या. म्हणून एकट्या दुष्काळावरून गव्हाला दोषी ठरवता आले नसते. इतर डॉक्टरांनीही तोच हिवाळा पाहिला होता, पण त्याचा अर्थ लागण्यासाठी लागणारे पूर्वीच्या आठ वर्षांचे आलेख डिके यांच्याकडे होते. त्यांच्या संशयाला दुष्काळाने बळकटी दिली, असे म्हणणे न्याय्य ठरेल.

उट्रेख्तमधील संशोधन

वजनाचे आलेख पाहून डॉक्टरांचे समाधान होत असले, तरी शास्त्रीय जगाला मोजमाप हवे होते. युद्धानंतर डिके यांना उट्रेख्तमध्ये दोन सहकारी मिळाले. विल्हेल्मिना बालरुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ एच. ए. वेयर्स हे एक आणि तेथील राष्ट्रीय पोषणसंशोधन संस्थेतील जीवरसायनशास्त्रज्ञ यान हेंड्रिक व्हान डे कामर हे दुसरे. व्हान डे कामर यांनी शौचातील स्निग्धांश जलद व अचूक मोजण्याची पद्धत तयार केली आणि ती इ.स. १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली. ही पद्धत पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांच्या नावाने रूढ झाली.

विषय थोडा किळसवाणा वाटला, तरी तिचे महत्त्व मोठे आहे. लहान आतडे निरोगी असेल तर खाल्लेल्या तेला-तुपाचा बहुतेक भाग शरीरात शोषला जातो. सीलिॲकमध्ये तो शोषला न जाता शौचावाटे बाहेर पडतो. मुलाने किती स्निग्ध पदार्थ खाल्ले आणि त्यांतले किती बाहेर पडले, हे मोजले की आतडे किती काम करते ते आकड्यांत सांगता येते. आता गहू सुरू केल्याचा परिणाम वजन घटण्यापूर्वीच दिसू लागला.

डिके यांनी आपला प्रबंध इ.स. १९५० मध्ये उट्रेख्त विद्यापीठाला सादर केला. काही धान्यांचा सीलिॲकच्या रुग्णांवर होणारा अपायकारक परिणाम हा त्याचा विषय होता. गव्हाचे व रायचे पीठ दिल्यास रोग उलटतो, तांदळाचे व मक्याचे पीठ दिल्यास उलटत नाही आणि गव्हातून वेगळे काढलेले शुद्ध पिष्टही निर्धोक असते, असे त्यातून दिसून आले. यातला शेवटचा मुद्दा निर्णायक ठरला. जी यांच्यापासून साऱ्यांनी पिष्टाला दोषी धरले होते. गव्हाचे पिष्ट जर पचत असेल, तर अपायकारक घटक गव्हातच पण पिष्टाबाहेर असला पाहिजे.

तो घटक म्हणजे ग्लूटेन. मराठी घरांत त्याची ओळख नावाने नसली तरी हाताला असते. कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखाली चोळत धुतला, तर दुधासारखे पांढरे पाणी निघून जाते आणि हातात चिवट, रबरासारखा गोळा उरतो. पांढरे पाणी म्हणजे पिष्ट आणि उरलेला गोळा म्हणजे ग्लूटेन, म्हणजेच गव्हातील प्रथिनांचा समूह. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढतात, त्यातही पिष्ट वेगळे करण्याचीच क्रिया असते. अर्थात घरगुती चिकात ग्लूटेनचा अंश राहतोच, त्यामुळे कुरडई सीलिॲकच्या रुग्णाला चालत नाही. पोळीला जो ताण येतो आणि पाव जो फुगतो, तो याच ग्लूटेनमुळे. ज्वारी-बाजरीत ते नसते, म्हणून भाकरी लाटता येत नाही, ती थापावी लागते.

डिके, वेयर्स व व्हान डे कामर यांचे संयुक्त लेख इ.स. १९५३ मध्ये बालरोगशास्त्राच्या ॲक्टा पेडिॲट्रिका या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गव्हात अपायकारक घटक आहे हे एका लेखात मांडले होते. तो घटक ग्लूटेनमधल्या, अल्कोहोलात विरघळणाऱ्या ग्लायडिन या भागात असतो, असे दुसऱ्यात दाखवले होते. त्याआधीच, इ.स. १९५२ मध्ये, इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या गटाने लॅन्सेटमध्ये आपले निष्कर्ष छापले होते. शार्लट अँडरसन, ॲलेस्टर फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या गटाने गव्हाच्या पिठातील पिष्ट व ग्लूटेन वेगवेगळे देऊन पाहिले आणि दोष ग्लूटेनचाच असल्याचे दाखवून दिले. डिके यांच्या निष्कर्षाला परदेशातून मिळालेला हा पहिला भक्कम दुजोरा होता. इंग्रजी जगात या शोधाचे श्रेय काही काळ बर्मिंगहॅमकडे अधिक गेले. डच भाषेतील १९४१ चा लेख आणि १९५० चा प्रबंध वाचनात नसल्याचा तो परिणाम होता.

सर्वांना हा सिद्धांत लगेच पटला नाही. केळ्यांच्या आहाराचे जनक हास हे अखेरपर्यंत आपल्या मताला धरून राहिले. केळ्याने मूल बरे झाले की त्याला पुढे काहीही खाता येते, असे ते मानत. ग्लूटेनचा सिद्धांत मात्र पथ्य आयुष्यभराचे आहे असे सांगत होता आणि रुग्णांना ते स्वीकारणे जड जाणे साहजिक होते. अमेरिकेत केळ्यांचा आहार त्यामुळे काही वर्षे टिकून राहिला. गहू घेऊ लागलेल्या मुलांची लक्षणे पौगंडावस्थेत पुष्कळदा दबत. रोग बरा झाला असे घरच्यांना वाटे. आतड्याची हानी आतल्या आत चालू असे.

प्राध्यापकपद व मृत्यू

इ.स. १९५७ मध्ये डिके यांची उट्रेख्त विद्यापीठात प्राध्यापकपदी आणि विल्हेल्मिना बालरुग्णालयाच्या वैद्यकीय संचालकपदी नियुक्ती झाली. हे काम त्यांना जेमतेम पाच वर्षे करता आले. २७ एप्रिल १९६२ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नेदरलँड्समधील जठरांत्ररोगतज्ज्ञांच्या संस्थेने मूलभूत संशोधनासाठी त्यांच्या नावाने सुवर्णपदक सुरू केले आणि पहिले पदक डिके यांनाच दिले.

डिके यांनी ग्रंथनिर्मिती फारशी केली नाही. त्यांचे नाव एखाद्या रोगाला किंवा लक्षणाला जोडले गेले नाही. जी आणि हर्टर यांची नावे रोगाला मिळाली, पण त्यावरचा उपचार ज्यांनी शोधला ते वैद्यकाच्या बाहेर अनेकांना अपरिचित आहेत.

सिद्धांताची पुढील वाटचाल

गहू आतड्यात नेमके काय करतो, हे डिके यांना पाहता आले नव्हते. ते त्यांच्या हयातीतच उलगडू लागले. इंग्लंडमधील जॉन पॉली यांनी इ.स. १९५४ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेल्या आतड्याच्या तुकड्यांत अंतस्त्वचेची विकृती दाखवली. इ.स. १९५६-५७ मध्ये मार्गो शायनर आणि विल्यम क्रॉस्बी यांनी तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याचा तुकडा काढण्याची साधने तयार केली. निरोगी लहान आतड्याच्या आतल्या बाजूस मखमलीच्या लवेसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात आणि अन्नरसाचे शोषण त्यांच्यावाटे होते. सीलिॲकमध्ये ही लव झिजून पृष्ठभाग सपाट होतो. ग्लूटेन बंद केल्यावर ती हळूहळू परत उगवते. डिके यांच्या आलेखांतल्या चढ-उतारामागे आतड्यातला हा बदल होता.

पुढे हा रोग शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा आहे असे कळले. विशिष्ट जनुके असलेल्या व्यक्तींमध्ये ग्लूटेनच्या संपर्काने प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते. ही जनुके पुष्कळ लोकांत असतात, पण रोग त्यांतल्या थोड्यांनाच होतो. इ.स. १९९७ मध्ये जर्मन संशोधकांनी प्रतिपिंडे ज्याच्यावर हल्ला करतात ते ऊती-विकर ओळखले. त्यामुळे साध्या रक्ततपासणीने रोगाचा अंदाज बांधणे शक्य झाले. हा केवळ बालकांचा रोग आहे ही समजूतही मागे पडली. प्रौढांत तो कधी जुलाबाऐवजी केवळ न हटणाऱ्या रक्तक्षयाच्या, ठिसूळ हाडांच्या किंवा वंध्यत्वाच्या रूपात दिसतो. डिके यांच्या काळातल्या वर्ज्य यादीत एकच महत्त्वाचा बदल झाला आहे. गहू, राय व सातू कायम आहेत. सुरुवातीला त्यांच्याबरोबर गणला जाणारा ओट मात्र भेसळ नसल्यास बहुतेक रुग्णांना चालतो. औषधाचे प्रयत्न बरेच झाले, तरी आहाराची जागा घेईल असे औषध अद्याप उपलब्ध नाही.

भारतातील संदर्भ

भारतात हा रोग नाही, असे बराच काळ मानले जात असे. डिके यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, इ.स. १९६६ मध्ये, उत्तर भारतातील सीलिॲकच्या बालरुग्णांवरचा आणि प्रौढ रुग्णांवरचा असे दोन लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले आणि त्या समजुतीला तडा गेला. तरीही आपल्याकडचे कुपोषण, जंत आणि क्षय यांच्या गर्दीत खुरटलेले मूल सीलिॲकचे असू शकते, हे सहजासहजी कोणाच्या लक्षात येत नसे. इ.स. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर भारतात या रोगाचे प्रमाण १.२३ टक्के, ईशान्य भारतात ०.८७ टक्के आणि दक्षिण भारतात ०.१० टक्के आढळले. रोगास अनुकूल जनुके तिन्हीकडे होती. गव्हाच्या वापरात मात्र मोठी तफावत होती. उत्तरेत माणशी रोज सुमारे ४५५ ग्रॅम गहू खाल्ला जात होता, तर दक्षिणेत सुमारे २५ ग्रॅम. हेगमध्ये डिके यांनी एकेका मुलाच्या ताटात पाहिले, त्याच्याशी हे चित्र जुळते.

महाराष्ट्र या दोन टोकांच्या मध्ये आहे. वऱ्हाडात, वाशीम-अनसिंगच्या पट्ट्यात, मागच्या पिढीपर्यंत रोजच्या जेवणात ज्वारीची भाकरी असे आणि पोळी सणावारी. शेतात सोयाबीन आले, रेशनवर गहू मिळू लागला आणि पोळी रोजची झाली. डिके यांच्या रुग्णांना पावाला पर्याय शोधावा लागला. मराठी स्वयंपाकघरात मात्र तो पूर्वीपासूनच आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ व मका यांत ग्लूटेन नसते. उपवासाचे बहुतेक पदार्थ, म्हणजे वरई, साबुदाणा, राजगिरा व शिंगाड्याचे पीठ, जसेच्या तसे चालतात. पिठले-भाकरी, वरण-भात, थालीपीठ हे रुग्णाचे रोजचे जेवण होऊ शकते. थालीपिठाच्या भाजणीत गहू टाकण्याची चाल असेल, तर तेवढा वगळावा लागतो.

अडचण येते ती लपलेल्या गव्हामुळे. रवा, मैदा, शेवया, दलिया हे उघड आहेत. बाजारातल्या खड्याच्या किंवा पुडीच्या हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो, त्यामुळे वरणाची फोडणीही तपासावी लागते. दुसरी अडचण पिठाच्या गिरणीची आहे. ज्या जात्यात नुकताच गहू दळला त्यात ज्वारी दळली, तर पिठात गव्हाचा अंश उतरतोच आणि या रोगात थोडासा अंशही पुरेसा असतो. गिरणी सकाळी धुऊन-पुसून पहिले दळण रुग्णाचे घेणे किंवा घरी छोटी घरघंटी ठेवणे, हे दोन मार्ग कुटुंबे वापरतात. पोळपाट, तवा आणि कणकेची परातही वेगळी लागते. लग्नकार्य, महाप्रसाद किंवा शाळेतला खाऊ अशा प्रसंगी पथ्य पाळणे घरच्यापेक्षा अवघड असते. मुलांची चूक बहुधा इथेच होते.

संशय आला म्हणून रक्ततपासणीआधीच गहू सोडू नये, असे डॉक्टर सांगतात. गहू बंद केल्यावर रक्तातील प्रतिपिंडे कमी होतात, आतडे भरून येऊ लागते आणि रोग असूनही तपासणी नकारात्मक येऊ शकते. गव्हाची ॲलर्जी हा वेगळा विकार आहे. त्याची तपासणीही वेगळी असते. निरोगी माणसाने ग्लूटेन टाळण्याचा काही विशेष लाभ सिद्ध झालेला नाही. पाकिटबंद पदार्थांवर ग्लूटेनमुक्त असे लिहायचे असेल, तर त्यात ग्लूटेनचे प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम आहे. आंतरराष्ट्रीय मर्यादाही तेवढीच आहे.